मी भांडत नाही

२०२४च्या जूनमध्ये, शाळा सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता, रात्री जेवताना बायको म्हणाली, "मला पर्यवेक्षिका केलंय." मी काकडीची कोशिंबीर वाढून घेत होतो. म्हणालो, "म्हणजे आता रोज यायला उशीर होणार का?"

बस, एवढंच. "नाही, फार नाही," ती म्हणाली आणि आमटी गरम करायला उठली. आमटी गरमच होती.

त्यानंतर दोनेक रविवार गेले असतील. सकाळी इस्त्री करता करता, मान वर न करता तिने सांगितलं, "मी समुपदेशकाची वेळ घेतलीय. आलास तर दोघांची, नाही तर माझी एकटीची."

"पण आपण भांडतो कुठे?" मी विचारलं.

"तू नाही भांडत," ती म्हणाली. शर्टाची कॉलर उलटी करून तिने त्यावर पुन्हा इस्त्री फिरवली. शर्ट माझाच होता.

मी भोसरीला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. बावीस वर्षं झाली. दिवसभर व्हर्नियर, गेज असली मापं घ्यायची साधनं आणि रिजेक्शनचे आकडे. लहानपण वाईजवळच्या गावात गेलं. वडील तापट होते. ताट भिरकावलेलं मी तीनदा तरी पाहिलंय, त्यातल्या एकदा ताटात पुरणपोळी होती. आपल्या घरात आवाज चढू द्यायचा नाही, हे तेव्हाच ठरवून टाकलं होतं. लग्न २००७चं, मंडळात नाव नोंदवून, पत्रिका बघून झालेलं. सतरा वर्षांत बायकोवर एकदाही ओरडलो नाही, हे मी चार लोकांत कौतुकाने सांगायचो. ती शेजारी बसून ऐकायची. तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे मी पाहिल्याचं आठवत नाही.

पहिले गेलो ते समुपदेशक आम्हाला लाभले नाहीत. खरं सांगायचं तर तिला लाभले नाहीत, मला फारच आवडले होते. मागच्या भिंतीवर आठ-दहा सर्टिफिकेटं होती. चाळीस मिनिटं ऐकून घेऊन ते तिला म्हणाले, "ताई, नवरा दारू पीत नाही, हात उचलत नाही, पगार घरात आणतो. थोडं तुम्हीच समजून घ्यायला हवं." जिना उतरताना ती म्हणाली, "हे माझे काका मला फुकटात सांगतात." नंतर चौकशी केल्यावर कळलं की ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, १९९२च्या कायद्याने या परिषदेला वैधानिक दर्जा मिळाला. पण दारावर नुसती ‘समुपदेशक’ अशी पाटी असेल, तर आत ती नोंदणी असेलच असं नाही. आमच्याकडे साध्या वॉशरच्या सप्लायरचंसुद्धा आधी ऑडिट होतं. लग्नाच्या बाबतीत आम्ही पाटी वाचून आत शिरलो होतो.

दुसऱ्या मॅडम एरंडवण्यात, एका जुन्या बंगल्याच्या पहिल्या मजल्यावर बसायच्या. त्यांची नोंदणी बायकोने आधी तपासली. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहा, तासाचे अठराशे रुपये. मी भोसरीहून यायचो, ती शाळेतून परस्पर यायची, त्यामुळे शेवटपर्यंत दोन गाड्या आणि पार्किंगची तारीख सम की विषम याचा दोनदा घोळ. नळ स्टॉपला मी हमखास अडकायचो. पहिल्याच दिवशी दहा मिनिटं उशिरा पोचलो, तर दोघी सिनेमाबद्दल बोलत होत्या. मला वाटलं होतं, माझ्याबद्दल बोलत असतील.

आईला आम्ही सांगितलं नव्हतं. मुलीकडून तिला कळलं. तिचा वाईहून फोन आला, "कोर्टात गेलात काय रे?" तिचंही चुकलं नाही. आपल्याकडे बहुतेकांच्या कानावर समुपदेशन हा शब्द पडतो तो कौटुंबिक न्यायालयातच. १९८४च्या कायद्यानेच तिथे समझोत्याचा प्रयत्न आधी करायचा, असं घालून दिलंय. आमच्या स्टोअर्समधल्या एकाचं प्रकरण शिवाजीनगरच्या कोर्टात चाललं होतं, संमतीने घटस्फोट. तो म्हणायचा, "आम्हाला तिथे समोरासमोर बसवलं तोवर आम्ही एकमेकांशी वकिलाच्या भाषेतच बोलायला लागलो होतो."

पहिली भेट दोघांची एकत्र, मग एकेकट्याची, आणि चौथ्या भेटीत मॅडम त्यांना काय दिसलं ते सांगणार, अशी पद्धत होती. एकेकट्याच्या भेटीत त्यांनी मला विचारलं, "घरात कधी मारहाण, ढकलाढकली, वस्तू फेकणं? तुमची त्यांना भीती वाटते का?" मला राग आला. मी, आणि मारहाण? मी पुरणपोळीचा किस्सा सांगितला. त्यांनी शांतपणे लिहून घेतलं. घरी आल्यावर बायकोला म्हणालो, तर तिने सांगितलं की तिलाही हेच विचारलं होतं, दार लावून. कारण साधं आहे: जिथे मार आहे, धाक आहे, तिथे दोघांना शेजारी बसवून मोकळेपणाने बोलायला लावणं धोक्याचं असतं. खोलीत बोललेल्याची किंमत तिला घरी गेल्यावर मोजावी लागते. म्हणून तशा घरांसाठी वाट वेगळी. हे ऐकल्यावर माझा राग गेला, आणि पहिल्या गृहस्थांनी हा प्रश्न विचारलाच नव्हता, हेही लक्षात आलं. ‘हात उचलत नाही’ हे त्यांनी मला बघूनच ठरवून टाकलं होतं.

एक फॉर्मही भरायचा होता. ग्रॅहम स्पॅनियर या अमेरिकन संशोधकाने १९७६ साली बनवलेली प्रश्नावली, ३२ प्रश्न. पैसे, नातेवाईक, घरकाम याबाबत तुमचं किती जमतं. दोघं मिळून हसता का. एखाद्या विषयावर शांतपणे बोलता का. जास्तीत जास्त गुण १५१. ‘शांतपणे बोलता का’ला मी बेधडक पूर्ण गुण दिले. आता फॉर्म भरला म्हटल्यावर निकाल विचारणं आलंच. मॅडम म्हणाल्या, गुणांना फार धरून बसू नका. पण मी धरून बसलो. शेवटी त्यांनी सांगितलं. स्पॅनियरने ज्यांना तपासलं त्यांत संसार चालू असलेल्यांची सरासरी ११४.८ होती आणि घटस्फोट झालेल्यांची ७०.७. माझे ११२ आले होते. तिचे ८४.

एकाच स्वयंपाकघरात जेवणाऱ्या दोन माणसांमध्ये अठ्ठावीस गुणांचा फरक. आमच्याकडे एकाच पार्टची दोन रीडिंग इतकी लांब आली, तर आधी गेजवर संशय घेतात. मीही घेतला. "प्रश्न इंग्रजीत होते, तिला कळले नसतील," असं म्हणालो. ती नववी-दहावीला सायन्स शिकवते.

मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागलो. कारखान्यात बिघाड झाला की व्हाय-व्हाय काढतात: हे का झालं, मग ते का झालं, असं पाच वेळा विचारत मुळाशी जायचं. एका शनिवारी मी लग्नाचं व्हाय-व्हाय काढलं, एक्सेलवर. बायकोलाही कोरा तक्ता दिला. माझ्या पाचव्या ‘का’पाशी आली माझी आई. तिच्या पाचव्या ‘का’पाशी मी. मॅडमनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि मोठ्याने हसल्या. नंतर माफीही मागितली. म्हणाल्या, "बेअरिंग खराब निघालं तर तुम्ही बदलता. इथे काय बदलणार आहात, आई?"

जॉन गॉटमन हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. १९८६पासून हा माणूस अमेरिकेत, सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जोडप्यांचा अभ्यास करत होता. एका फ्लॅटसारख्या जागेत कॅमेरे लावून जोडप्यांना तिथे दिवसभर राहायला लावायचा. त्याच्या हिशोबाने नवरा-बायकोचे ६९ टक्के वाद कधीच मिटत नाहीत. वर्षानुवर्षं तेच चालू राहतात. सुखी जोडप्यांचेही. त्यांना तो वाद सोबत घेऊन राहता येतं, एवढाच फरक. हे ऐकून बायकोच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी दिसलं. मला मात्र धक्का बसला. ६९ टक्के ओपन पॉइंट ठेवून आम्ही कोणतंही ऑडिट पास झालो नसतो.

आता ती संध्याकाळ. सहावी की सातवी भेट असेल, बाहेर पाऊस धो धो. विषय अडीच लाखांचा. दोन वर्षांपूर्वी वाईच्या घराचं छप्पर बदलायला मी भावाला अडीच लाख दिले होते आणि बायकोला सांगितलं नव्हतं. पासबुक भरून आणायला ती गेली तेव्हा तिला कळलं. तेव्हा तिने एकदाच विचारलं होतं, मी "अगं, सांगणारच होतो" म्हणून खाली गाडी पुसायला गेलो होतो. आता मॅडम म्हणाल्या, "तेव्हा राहिलेलं आज बोलूया का?"

ती बोलायला लागली. रडली नाही, ओरडली नाही. शाळेत परीक्षेचं वेळापत्रक वाचून दाखवावं तशा आवाजात तिने सांगितलं की रक्कम ही गोष्टच नाही, पण पासबुकातल्या त्या ओळीवर बोट ठेवून बँकेत उभी असताना आपण या घरात भाडेकरू आहोत, असं तिला वाटलं. मी पंख्याच्या रेग्युलेटरकडे बघत होतो. तो तीन आणि चारच्या मध्ये कुठेतरी अडकवलेला होता. असा ठेवला तर जळतो, असा विचार मी करत होतो.

"तुम्हाला आत्ता काय होतंय?" मॅडमनी मला विचारलं.

"काही नाही. मी शांत आहे."

त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि कोविडमध्ये घरोघरी आणला होता तसला ऑक्सिमीटर काढला. "बोट द्या."

पाच-सात सेकंद लाल आकडे हलले आणि थांबले. ऑक्सिजन ९८, नाडी ११३.

बायको खुर्चीतून पुढे वाकली. "हे याचंय?"

"बिघडलाय बहुतेक," मी म्हणालो. मॅडमनी काढून स्वतःच्या बोटाला लावला. ७६. मग बायकोच्या. ८८. पुन्हा माझ्या. ११५. म्हणजे गेज बरोबर होतं.

खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मग बायको हळूच म्हणाली, माझ्याशी नाही, त्या आकड्याशी बोलल्यासारखी, "मला वाटायचं, याला काही होतच नाही."

मलाही तसंच वाटायचं, हे मी तेव्हा म्हणालो नाही. आज लिहितोय.

रॉबर्ट लेव्हन्सन आणि गॉटमन यांनी १९८३ साली ३० जोडप्यांवर केलेला अभ्यास छापला होता. समोरासमोर बसवून वादाचा विषय काढायचा आणि नाडी, घाम, हालचाल यंत्रावर टिपत राहायचं. तीन वर्षांनी पुन्हा विचारपूस केली, तर बोलताना ज्यांची शरीरं जास्त तापलेली होती त्यांचा संसार जास्त खाली गेलेला. शंभराच्या वर नाडी गेली की समोरचं बोलणं कानात शिरतं पण पोचत नाही, असं गॉटमन मांडतो. मग काही माणसं हल्ला करतात आणि काही भिंत होतात: नजर वळवतात, हुंकार बंद, चेहरा कोरा. भिंत होणाऱ्यांत त्याला साधारण ८५ टक्के पुरुष सापडले. बाहेरून ही भिंत म्हणजे बेपर्वाई दिसते, आत पंप फुल स्पीडला. एकदा त्यांनी भांडणारी जोडपी मध्येच थांबवली, यंत्र नीट करायचंय असं सांगून, आणि अर्धा तास मासिकं वाचायला दिली. परत सुरू केल्यावर नाडी खाली आलेली आणि बोलणं जमिनीवर.

म्हणून नियम ठरला. मला उठावंसं वाटलं तर उठायचं, पण "वीस मिनिटांनी येतो" असं सांगून उठायचं, आणि यायचं. पळून जाणं आणि सुट्टी घेणं यात फरक परत यायच्या वेळेचा.

पहिल्यांदा मी वीस मिनिटांनी परत आलो तर ती झोपली होती. दुसऱ्यांदा आलो तो सोळा मुद्दे तयार करून. ते ऐकून तिने स्वतःच वीस मिनिटं मागितली. मॅडम म्हणाल्या, मनातल्या मनात भांडत बसलात तर नाडी खाली येत नाही, हाताला काम द्या. घरात रात्री दहा वाजता हाताला काय काम? ओट्यावर लसणाची टोपली होती. मी लसूण सोलायला बसलो. एकेक पाकळी, नखाने टोक काढून, साल न फाटता. व्हर्नियर धरणारे हात आहेत, काम चोख होतं. अठरा मिनिटांत दोन गड्डे होतात. फ्रिजमध्ये सोललेल्या लसणाचा डबा असायचा, त्यावरून आठवडा कसा गेला ते कळायचं. दिवाळीच्या फराळाच्या दिवसांत चिवड्यात लसूण इतका पडला की शेजारच्या काकूंनी कृती विचारली.

या सगळ्यात मी गॉटमनचा भक्त झालो, असं मात्र नाही. घटस्फोट कोणाचा होणार हे तो नव्वद टक्क्यांहून जास्त अचूक सांगतो, असं जिथे तिथे लिहिलेलं असतं. मुलीने मला तशी एक क्लिप पाठवली तेव्हाच मला वास आला. निकाल हातात आल्यावर सूत्र बसवायचं आणि मग त्याच नोंदींवर ते सूत्र किती बरोबर येतं ते मोजायचं, हे म्हणजे माल मोजून झाल्यावर टॉलरन्स, मापात किती फरक चालेल ते, ठरवण्यासारखं आहे. त्यात रिजेक्शन निघणारच नाही. मॅडमना म्हणालो तर त्यांनी सांगितलं, हीच हरकत हेमन आणि स्लेप या संशोधकांनी २००१ साली घेतली होती: नव्या जोडप्यांवर तेच सूत्र लावलं तर अचूकता बरीच घसरते. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. बायको म्हणाली, "एवढा आनंद तुला आपलं काही सुधारल्यावर झाला नव्हता."

मग मी सरळ विचारलं, याचा यील्ड किती, म्हणजे शंभरातली किती चांगली निघतात? मॅडम टाळाटाळ करतील असं वाटलं होतं. त्यांनी अँड्र्यू क्रिस्टेन्सन आणि नील जेकबसन यांचा अभ्यास सांगितला. लॉस एंजलिस आणि सिएटलमधली १३४ जोडपी, खरोखर बेजार झालेली, जास्तीत जास्त २६ भेटी. दोन वर्षांनी सुमारे दोन तृतीयांश सुधारलेली. पाच वर्षांनी पाहिलं तर साधारण निम्मी सुधारलेली, आणि चौथा हिस्सा वेगळी झालेली.

"निम्मी? आमच्याकडे लाइन बंद केली असती."

"आणि काहीच केलं नाही तर?" त्या म्हणाल्या. "इतक्या बेजार जोडप्यांना नुसतं यादीत थांबवून ठेवलं, तर ती आपोआप सुधारत नाहीत." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

याच क्रिस्टेन्सनचं एक काम माझ्या जास्त जिव्हारी लागलं. एक जण मागे लागतो, दुसरा मागे सरकतो. जितकं मागे लागावं तितकं तो सरकतो. बायका कटकट करतात आणि पुरुष गप्प बसतात, असं आपण म्हणतो ते हेच. हेवी या सहकाऱ्याबरोबर १९९०मध्ये त्याने विषय बदलून पाहिले. बायकोला बदल हवा असलेला विषय काढला की हेच चित्र ठळक दिसायचं. नवऱ्याला बदल हवा असेल तेव्हा हा भेद तसा उरायचा नाही. म्हणजे यात स्वभावाइतकाच हिशोबही आहे. आहे ते ज्याला सोयीचं आहे, त्याला बोलायची घाई नसते. मला सतरा वर्षं नव्हती.

पुढे एकदा बोलण्यात तो जून महिना निघाला. गॉटमनच्या त्या फ्लॅटमध्ये नवी लग्नं झालेली १३० जोडपी राहून गेली होती. त्यांच्यात वाद सोडून दुसरंच काहीतरी मोजलं गेलं: एकाने दुसऱ्याचं लक्ष वेधायला केलेली बारीकसारीक खटपट. "हे बघ कसला पक्षी आहे", असं. इंग्रजीत त्याला काय म्हणतात ते मॅडमनी सांगितलं, पण आम्हाला समजावताना त्या ‘हाक’ म्हणाल्या, आणि उत्तराला ‘ओ’. सहा वर्षांनंतर जी जोडपी टिकली होती त्यांनी त्या फ्लॅटमध्ये १०० हाकांपैकी ८६ना ओ दिली होती. मोडलेल्यांनी ३३ना. आजी अंगणातून हाक मारायची, तेव्हा ओ दिली नाही की मार मिळायचा. काय काम आहे हे नंतर.

"पर्यवेक्षिका झाले ही हाक होती," बायको म्हणाली.

कॅलिफोर्नियातल्या शेली गेबल यांचं संशोधन नेमकं यावर आहे. जोडीदाराच्या वाईट बातमीला आपण कसे वागतो त्यापेक्षा चांगल्या बातमीला कसे वागतो, याचा नात्याशी जास्त घट्ट संबंध दिसला. २००६ला त्यांनी हे छापलं. उत्तरं चार तऱ्हेची: मनापासून खूश होऊन अजून विचारणं, "अरे वा" म्हणून गप्प होणं, विषय बदलणं, आणि बातमीतली खोट काढणं. उशीर होणार का, हे चौथ्या खान्यात बसतं. मी म्हणालो, "मी काळजीने विचारलं होतं." नाडी तेव्हा ९४ होती, मॅडमनी विचारलं नव्हतं, मीच बघितली.

नातेवाइकांत बातमी फुटल्यावर साडूंनी ग्रुपवर एक मेसेज टाकला: शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, ठरवून केलेल्या लग्नात प्रेम वर्षागणिक वाढतं. समुपदेशनाची गरज नाही, नुसतं थांबा. त्यामागचा अभ्यास खराच आहे, गुप्ता आणि सिंह यांचा, १९८२, जयपूर. पण जोडपी होती ५०, आणि तीच जोडपी दहा वर्षं पाहिलेली नाहीत. लग्नाला कमी-जास्त वर्षं झालेली वेगवेगळी जोडपी एकाच वेळी तपासली. २०१२मध्ये अमेरिकेतल्या भारतीयांत पाहिलं तर ठरवून आणि प्रेमाने, दोन्हींत फरकच सापडला नाही. मी हे ग्रुपवर लिहिलं नाही. तिथेही मी भांडत नाही.

ज्याने मला स्वतःला हलवलं ते अगदी किरकोळ काम होतं. एली फिंकेल आणि सहकाऱ्यांनी शिकागोकडच्या १२० जोडप्यांवर केलेला प्रयोग, २०१३ला छापलेला. दर चार महिन्यांनी सात मिनिटं बसून अलीकडचं एक भांडण लिहायचं, पण दोघांचंही भलं चिंतणाऱ्या तिऱ्हाइताच्या नजरेने. वर्षाची मिळून २१ मिनिटं. पहिलं वर्ष कोणीच लिहिलं नव्हतं आणि सगळ्यांचंच समाधान घसरत गेलं होतं. दुसऱ्या वर्षी लिहिणाऱ्यांची घसरण थांबली, न लिहिणाऱ्यांची चालू राहिली. मला हे पटलं, कारण त्यात बोलायचं नव्हतं.

तिऱ्हाईत म्हणून मी आमचे निवृत्त सुपरवायझर घेतले, त्यांनी मला गेज धरायला शिकवलं होतं. मोबाईलवर सात मिनिटं लावली आणि अडीच लाखांवर लिहायला लागलो. पहिली पाच मिनिटं नुसता तपशील: पत्रे, लोखंडी अँगल, सुताराची मजुरी. मग हाताने आपोआप एक वाक्य लिहिलं, ते इथे जसंच्या तसं देतो: ‘त्याने तिला विचारलं नाही, कारण ती नाही म्हणेल अशी भीती नव्हती; ती हो म्हणाली असती, आणि मग त्याच्या घरावर तिचे उपकार झाले असते.’

मी ते दोनदा वाचलं. घड्याळात एक मिनिट शिल्लक होतं, पण पुढे काही सुचलं नाही. वही ओट्यावर उघडी ठेवून झोपायला गेलो. सकाळी वही मिटलेली होती आणि चहा नेहमीपेक्षा जास्त गोड होता. तिला साखर पडलेली कळली नसेल. ती त्यावर काही बोलली नाही, आणि यावेळी गप्प बसण्याची पाळी तिची होती म्हणून मीही विचारलं नाही. चार दिवसांनी रात्री अंधारात म्हणाली, "उपकार म्हणजे काय रे? सतरा वर्षं झाली." त्या रात्री दीड वाजेपर्यंत बोललो. ते इथे लिहीत नाही.

चौदा भेटी झाल्या, मार्चमध्ये मॅडमनी तोच फॉर्म पुन्हा दिला. तिचे ९७ आले. माझे १०३. माझे नऊ गुण घटले, अठराशे रुपये तास देऊन. मी विचारलं, हे रिग्रेशन, म्हणजे मागे जाणं, नाही का? मॅडम म्हणाल्या, "‘शांतपणे बोलता का’ला यावेळी तुम्ही किती दिलेत बघा." आता दोन महिन्यांतून एकदा जातो.

मागच्या आठवड्यात भावाचा फोन आला. परसातली विहीर ढासळलीय, बांधून घ्यायची तर एक लाख तरी. मी म्हणालो, "विचारून सांगतो." पलीकडे थोडा वेळ आवाज नाही, विचारून सांगतो हे वाक्य त्याने माझ्याकडून ऐकलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर तिला सांगितलं. "किती?" तिने विचारलं. सांगितलं. ताटं उचलत तिने थोडा विचार केला.

"माझं नाही म्हणणं आहे," ती म्हणाली. "या वर्षी नाही. पोरीच्या अकरावीचं बघायचंय."

पोटात काहीतरी घट्ट झालं. मी उठलो. "वीस मिनिटं," म्हणालो आणि स्वयंपाकघराकडे वळलो.

"लसूण आहे डबाभर," ती मागून म्हणाली. "आज शेंगा फोड."